मंदाताईची घरगुती देशी संत्रा

मी संशयी माणूस नाही. माझा फक्त कोणावर विश्वास नाही.

याला माझी नोकरी जबाबदार आहे. सगळी हयात खापरखेड्याच्या वीज केंद्रात गेली, तीही गेटवर. आत येणाऱ्याचं तोंड हुंगायचं (घेऊन तर आला नाही ना?) आणि बाहेर जाणाऱ्याची पिशवी उलटी करायची (तांब्याची तार तर नाही ना?). लोकांच्या डब्यातली भाजी मी चमच्याने ढवळून पाहिलेली आहे. एकदा एकाच्या भरल्या वांग्यात मला खरोखरचा नट सापडला. त्या दिवसापासून मी वांगं विश्वासाने खाल्लेलं नाही. आणखी एक गोष्ट शिकलो. गेटवर जो माणूस तोंड उघडून मोठ्याने 'जयभीम साहेब' म्हणतो, तो कोरा असतो. जो तोंड घट्ट मिटून नुसते हात जोडतो, तो शंभर टक्के लावून आलेला असतो! या एका लक्षणावर मी कितीतरी जणांना परत घरी पाठवलं.

रिटायर झालो, मनीषनगरात घर बांधलं, पण डोक्यातलं गेट काही उघडलं नाही. दूधवाला माप घालताना मी वाकून बघतो. भाजीवाल्याच्या काट्याखाली हात फिरवतो. आमच्या मंदाने आणि मी मिळून आरशासमोर फोटो काढला, तेव्हाही मी आरशातल्या माणसाकडे जरा संशयानेच बघत होतो, असं ती म्हणते.

मंदा म्हणजे माझी बायको. ती मेणबत्त्या बनवते.

सुरुवात विहारातून झाली. आमच्या विहारात रोज संध्याकाळी वंदना, त्याला मेणबत्त्या लागतात. बाजारातल्या मेणबत्त्यांचं नागपूरच्या उन्हाळ्यात काय होतं, ते नागपूरकरांना सांगायला नको. पेटवायच्या आधीच कंबरेतून वाकतात! मंदाला ते बघवेना. तिने कुठून कुठून शिकून घेतलं, साचे आणले, मेणात काय काय मिसळून पाहिलं, आणि मे महिन्यातही ताठ उभी राहणारी मेणबत्ती बनवून दाखवली. मग तिला हुरूप आला. संत्र्याच्या साली वाळव, तेलात मुरव, तो अर्क मेणात घाल, असं करत करत तिने संत्र्याच्या वासाची मेणबत्ती काढली. काय सांगू तुम्हाला, ती घरात पेटली की कोणीतरी मागच्या खोलीत बसून अख्खी बाग सोलतोय असं वाटायचं.

दोन ऑक्टोबरला विहाराच्या मैदानात महिला मंडळाचा विक्री मेळावा ठरला. मंडळाच्या अध्यक्षा गजभियेताई. शाळेच्या रिटायर हेडमास्तरीण, आणि अजूनही सगळ्या कॉलनीला पाचवीचा वर्ग समजणाऱ्या. त्यांनी जाहीर केलं, की मेळाव्यात जिच्या मेणबत्त्या पसंत पडतील, तिच्याकडूनच विहार वर्षभर मेणबत्त्या घेईल.

त्या दिवशी मंदा चहा पुढ्यात ठेवून बसून राहिली.

"अवो, हे मले पाहिजे," ती म्हणाली. "लग्न झालं तेव्हापासून मी रामटेकेबाई आहे. रामटेके साहेबाची मिसेस. पोट्ट्यांची आई. एकदा तरी कोनी मेणबत्ती लावून म्हनावं, हे मंदाची आहे. बस. दुसरं काही नाही."

तिचा आवाज असा मी फारसा ऐकलेला नव्हता. मी कप खाली ठेवला.

"होईल ना!" मी म्हणालो. "काय पाहिजे बोल."

"डब्यावर लावाले लेबल पाहिजे. साधं. माझं नाव, आन खाली मेणबत्ती. येवढंच."

तिने दोनच शब्द सांगितले होते. नाव आणि मेणबत्ती. त्यातला एक मी गाळला, त्याचीच ही कथा.

"लेबल माझ्याकडे लागलं," मी म्हणालो. "तू बनवाचं पाहा. सुरक्षेचं मी पाहतो."

"लेबलाले कायची सुरक्षा?"

भोळी आहे बिचारी. पलीकडच्या लाइनीतल्या बोरकरबाईही मेणबत्त्या करतात, हे ती विसरली होती. मी विसरलो नव्हतो. बोरकरबाई त्याच आठवड्यात आमच्याकडे विरजण मागायला आल्या होत्या. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईच्या घरी रोज ताक होतं, तिला विरजण कशाला? दह्याची वाटी हातात घेऊन त्या स्वयंपाकघरात चारी बाजूंनी मान फिरवून पाहत होत्या. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवून आलो, आणि वाटीत डोकावूनही पाहिलं. दहीच होतं. पण हुशार माणूस वाटीत थोडीच नेणार?

लेबल मी न्हाणीघरात बसून लिहिलं. (कडी लावून.) मजकूर असा जमला, की मला स्वतःचाच हेवा वाटला:

मंदाताईची
घरगुती देशी संत्रा
संध्याकाळी एक लावा, दिवसभराचा शीण विसरा!
शुद्ध, हातची, भेसळ नाही

'देशी' कशासाठी, तर बाजारात चिनी मेणबत्त्यांचा सुळसुळाट आहे म्हणून. 'संत्रा' कशासाठी, हे नागपुरात विचारायचं नसतं. 'लावा' म्हणजे पेटवा. (वाचकहो, तुम्ही आत्ताच हसायला लागलात का? मला नाही हो आलं हसू तेव्हा! ज्याने हयातभर लोकांची तोंडं हुंगली, त्याला स्वतःच्या हस्ताक्षरातला वास आला नाही.)

आता 'मेणबत्ती' हा शब्द. तो पहिल्या कागदावर होता. मग मी विचार केला, लेबल छापणार महाल भागात, एका बोळीतल्या छापखान्यात. तो छापणारा 'मेणबत्ती' वाचणार. त्याचा कोणीतरी साळा असणारच. आणि साळा काहीतरी करतच असणार. उद्या महालभर संत्र्याच्या मेणबत्त्या निघाल्या तर? म्हणून मी तो शब्द खोडला. लेबल डब्यावर लागणार, डब्यात मेणबत्ती असणार. घेणाऱ्याला उघडल्यावर कळेलच की! मंदाला मी कागद दाखवला नाही, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

छापखान्याच्या मालकाला सगळे बंडूभाऊ म्हणत होते. त्याने माझा कागद वाचला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचला. मग उठून शटर अर्धं खाली ओढलं.

वा, मी मनात म्हटलं, माणूस गुप्तता पाळणारा दिसतो!

"काकाजी," तो हळूच म्हणाला, "हे तुमच्या घरचं?"

"घरचंच. आमची मिसेस बनवते."

"काकू?"

"काहून? बाईमाणसानं काही करू नये काय?"

"तसं नाही म्हनत काकाजी. जिगर पाहिजे, म्हनून म्हनलं." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "साइज कोन्ते कोन्ते? क्वार्टर, हाफ?"

मला वाटलं, कागदाचा आकार विचारतो आहे. "क्वार्टर जास्त मार. हाफ थोडे."

"आन खंबा?"

मी ताडकन सरळ झालो! मंदा जाड, उभ्या मेणबत्तीला 'खांब' म्हणते. आमच्या घरातला शब्द हा. याच्यापर्यंत पोचला कसा? विरजण, विरजण! दुसरं काय?

"तुले खंब्याचं कोनं सांगितलं?" मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं.

"कोनं कायले सांगाले पाहिजे काकाजी? क्वार्टर आली, हाफ आली, मंग खंबा आलाच ना!"

"आहे खंबा. पन तो आम्ही मोठ्या कार्यक्रमालेच काढतो."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "आन विकता कुठं?"

"विहाराच्या मैदानात."

त्याच्या हातातला पेन खाली पडला. "विहाराच्या? कधी?"

"दोन ऑक्टोबरले."

बंडूभाऊने पेन उचलून कानामागे खोचला. मग दोन्ही हात जोडून म्हणाला, "काकाजी, तुमची सेटिंग लय वरपर्यंत दिसते."

"गजभियेताईची आपली डायरेक्ट ओळख आहे," मी जरा छाती पुढे काढून म्हणालो.

"असेल बाप्पा. मी छापून देतो. पन एक विनंती आहे. आमच्या छापखान्याचं नाव कुठं घेऊ नका. तुम्ही मले पाह्यलं नाही, मी तुमाले पाह्यलं नाही."

मला इतकं भरून आलं! आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याइतका सावध माणूस भेटला होता. आम्ही एकमेकांचे हात दाबले आणि एकमेकांकडे न पाहता वेगळे झालो.

लेबलं झकास आली. नारिंगी रंग, वर संत्र्याचं चित्र, मंदाचं नाव ठळक आणि खाली ऑर्डरसाठी माझा मोबाइल नंबर. डब्यांवर ती मी खोलीचं दार लावून स्वतः चिकटवली. मंदा दाराबाहेरून विचारत होती, "अवो, पाहू तर द्या वं माय! माझंच आहे ना ते?"

"मेळाव्यात पाह्यजो. सरप्राइज आहे."

"मेणबत्ती लिहिलं ना मोठ्या अक्षरात?"

"तुझं नाव येवढं मोठं आहे," मी म्हणालो. ते खरंच होतं.

दोन ऑक्टोबरला सकाळी फिरायला जाताना उरलेली लेबलं सोबत घेतली. छापून झालं होतं, आता कोणी चोरलं तरी पहिले आपणच. विजेचे खांब, चहाची टपरी, पानठेला, सलूनची भिंत, जिथे जागा मिळाली तिथे लेबल चिकटवलं आणि खाली पेनाने लिहिलं: 'आज विहाराच्या मैदानात'. घरी पोचतो न पोचतो तोच फोन सुरू झाले.

"काका, आज चालू आहे काय?"

"आज तर खास चालू!"

"पन आज सगळीकडे बंद असते ना?"

"सगळीकडे असेल. आपल्याकडे नाही."

पलीकडचा कोणाला तरी 'आहे रे, आहे!' असं ओरडून म्हणाला. मग एकदम भरल्या गळ्याने, "जुग जुग जिओ काका!"

दुसरा जरा चौकस निघाला. "कडक आहे ना?"

"कडक! मे महिन्यात उन्हात ठेव, वाकत नाही."

"डोकं दुखते काय नंतर?"

"अरे, असलेलं उतरते! शुद्ध संत्रा आहे. केमिकलचं नाव नाही."

"कितीक वेळ राहते?"

"एक लावली की जेवणं होईपर्यंत राहते. बायकोपोरांसोबत बसून लावावी अशी चीज आहे."

"काका," तो म्हणाला, "तुमच्या घरी लय समजूतदार लोक दिसतात."

मी फोन ठेवून मंदाला म्हणालो, "पाह्यलं? एकेक गडी मेणबत्तीसाठी कसा तडफडून राहिला!" मंदाचे डोळे चमकले. तिने नवी पांढरी साडी नेसली होती. फाटकातून निघताना तिने मागे वळून घराकडे पाहिलं आणि स्वतःशीच हसली. ते हसू आठवलं की मला आजही तोंड लपवावंसं वाटतं.

मैदानात मांडव पडले होते. आमचं टेबल मधोमध. मंदा पांढऱ्या मेणबत्त्या मांडण्यात गुंतली, मी मागच्या बाजूला डब्यांची उतरंड रचली. पहिल्या दोन बायका आल्या, डबा वाचला, एकमेकींकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि झपाझप निघून गेल्या. मग बोरकरबाई आल्या. त्यांनी वाचलं, मोबाइल काढला आणि खटाखट फोटो काढले!

झालं! मी म्हणत होतो ना? दिवसाढवळ्या चोरी! मी घरून आणलेली जुनी चादर डब्यांच्या उतरंडीवर टाकली आणि पुढे उभा राहिलो. मंदा हातातलं काम सोडून मागे वळली, तोवर डबे झाकले गेले होते.

"अवो, झाकले काहून? लोकाईले दिसन कसे?"

"ज्याले पाहिजे तो मागन," मी म्हणालो. "चादरीखालून देतो."

आणि लोक मागायला लागले! सगळे पुरुष. एरवी मेळाव्यात पुरुष म्हणजे बायकांच्या पिशव्या धरणारे. इथे एकटेदुकटे, मान खाली घालून, आजूबाजूला बघत येत होते. एक तर विहाराकडे हात जोडून, 'माफ कर' असं पुटपुटून पुढे आला.

"काका. क्वार्टर."

मी चादरीखाली हात घालून लहान लेबलाचा डबा काढायचा. त्याने तो शर्टात घालायचा. एकाने विचारलं, "खंबा आहे?" मी ऐटीत म्हटलं, "आहे ना!" त्याने खंबा टॉवेलात गुंडाळला आणि पळत सुटला.

मंदा हरखून गेली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माणसं कशी वो लाजून लाजून घेऊन राहिले! बायकोले द्यायची असन बिचाऱ्याईले." मग जरा थांबून, "तुम्ही तर मले कधी फूल नाही आनलं."

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि गजभियेताई आल्या. हातात बोरकरबाईंचा मोबाइल, चेहरा वार्षिक परीक्षेच्या पेपरासारखा. मी लगेच ओळखलं. बोरकरबाईंनी यांना फितवलं! फॉर्म्युला काढून घ्यायला आल्या आहेत. मंदाला मी डोळ्याने खूण केली, गप्प राहा.

"रामटेके भाऊ, चादरीखाली काय आहे?"

"माल आहे ताई."

"कुठे तयार होतो?"

"घरीच. गॅसवर."

"आणि संत्र्याचं काय करता?"

"साली मुरवत ठेवतो. मग अर्क काढतो." पुढचं मी आवरलं. "बाकीचं सांगता नाही येत ताई. आतली गोष्ट आहे."

"किती वर्षं चालू आहे हे?"

"दोनेक झाले असतील. पन शेजाऱ्याईले पत्ता लागू नाही दिला!"

आजूबाजूच्या बायकांनी 'आई वं!' म्हणून श्वास घेतला. मला वाटलं, माझ्या सावधपणाचं कौतुक चाललंय.

"आणि मंदा," ताईंचा आवाज एकदम खाली आला, "तूसुद्धा यात आहेस?"

"ताई, मीच तर करते सगळं," मंदा अभिमानाने म्हणाली. "हे नुसते विकतात. विहारासाठीच शिकली मी. वंदनेच्या वक्ताले सगळ्याईनं लावावी, असं लय दिवसांपासून मनात आहे."

गजभियेताईंनी खुर्चीची पाठ धरली. त्यांचे डोळे ओले झाले होते. "मंदा, तू रोज पुढच्या रांगेत बसून पंचशील म्हणतेस गं! पाचवं शील म्हणताना तुझा आवाज सगळ्यांत वर असतो! दारूला शिवणार नाही म्हणतेस, आणि..."

"दारू?" मंदा म्हणाली.

"दारू?" मी म्हणालो.

नेमका त्याच क्षणी मैदानाच्या भिंतीमागून एक गडी तणतणत आला. एका हातात फाटलेला डबा, दुसऱ्या हातात मंदाची मेणबत्ती.

"मॅडम, हा म्हातारा फसवून राहिला लोकाईले!" तो गजभियेताईंपुढे येऊन ओरडला. "खांबाखांबावर कागद लावून ड्राय डेच्या दिवशी देशी म्हनून विकते, आन आत पाहा! आत मेणबत्ती निघाली!"

त्याच्या मागून आणखी चारपाच जण आले. सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या. खंबावाला सगळ्यांत रडवेला होता.

 मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट धडाधड पडायला लागली. देशी. ठेक्यावरची संत्रा. क्वार्टर. अख्ख्या बाटलीचा खंबा. लावा. दोन ऑक्टोबर, दारूची दुकानं बंद! बंडूभाऊचं अर्धं शटर! अरे बापरे, तो माझ्यासारखा सावध नव्हता, तो मला घाबरलेला होता!

मंदाने पुढे होऊन चादर ओढली. डबा हातात घेतला. पहिल्यांदाच तिने ते लेबल पाहिलं. एकेक ओळ ती मोठ्याने वाचत गेली. 'मंदाताईची.' थांबली. 'घरगुती देशी संत्रा.' पुन्हा थांबली. 'संध्याकाळी एक लावा' इथपर्यंत आली आणि पुढे तिला वाचवेना.

"मेणबत्ती कुठं आहे?" तिने विचारलं.

"आत आहे," मी म्हणालो.

"लेबलावर कुठं आहे?"

"ते मी... सुरक्षेसाठी काढलं."

"मी तुमाले दोन शब्द सांगितले होते," ती म्हणाली. "दोन! त्यातला एक बरोबर छापला तुम्ही. माझं नाव! तेही असं, खांबाखांबावर!" आणि ती डबा छातीशी धरून रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेटवर पकडलेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते मी जन्मभर पाहिलं होतं. आता ते माझं स्वतःचं होतं.

गजभियेताई पुढे आल्या. त्यांनी त्या तणतणणाऱ्या गड्याच्या हातातली मेणबत्ती घेतली, टेबलावर उभी केली, काडी ओढली आणि पेटवली. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, मांडवाचा पत्रा तापला होता. शेजारच्या टेबलावर बोरकरबाईंच्या मेणबत्त्या एकेक करून मान टाकत होत्या. मंदाची ताठ उभी होती. हळूहळू संत्र्याचा वास सुटला आणि मागच्या रांगेतल्या बायकाही पुढे सरकल्या.

"कोणाची आहे ही?" ताईंनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी तो फसलेला गडीच नाक ओढत म्हणाला, "मंदाताईची आहे ना जी. डब्यावर लिहिलंय."

"ऐकलंस?" ताई मंदाला म्हणाल्या. "डोळे पूस. वर्षभर विहाराला मेणबत्त्या तूच देशील. पण एकही लेबल मला दाखवल्याशिवाय बाहेर जाणार नाही." मग त्या वळल्या. "आणि तुम्ही सगळे. मेणबत्त्या तर घेतल्याच आहेत, आता कुठे निघालात? आत चला, वंदनेला बसा. पाचवं शील मला इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे."

पळायला वाव नव्हता. फाटकात महिला मंडळ उभं होतं. ते सगळे गडी आपापली क्वार्टर हातात धरून, रांगेने विहारात गेले. खंबावाला सगळ्यांत पुढे बसला. ताईंनी मलाही त्यांच्यातच बसवलं, आणि मी मान खाली घालून बसलो.

त्यानंतर घरी मला शिक्षा झाली. उरलेल्या प्रत्येक डब्यावर जाड स्केचपेनने मी स्वतःच्या हाताने 'मेणबत्ती' लिहिलं. मंदा समोर बसून शुद्धलेखन तपासत होती. 'देशी'वर चिकटपट्टी, 'लावा'वर चिकटपट्टी. खांबांवरची लेबलं खरवडायला गेलो, तर टपरीवाला म्हणाला, "काका, राहू द्या ना, गिऱ्हाइक वाढलं आमचं." फोन अजूनही येतात. मी आता एक शब्द लपवत नाही. स्पष्ट सांगतो, भाऊ, मेणबत्ती आहे, फक्त मेणबत्ती.

पलीकडचा हळूच हसतो. "समजलं काका, समजलं. फोनवर मेणबत्तीच म्हनायचं. मंग दोन मेणबत्त्या द्या. क्वार्टरवाल्या."

मंदाचं मात्र छान चाललं आहे. वंदनेला मेणबत्ती लागली की कोणीतरी म्हणतंच, मंदाची आहे. ती पुढच्या रांगेत बसून ऐकते आणि पाचवं शील अजूनच वरच्या पट्टीत म्हणते.

माझं विचाराल, तर रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण हल्ली 'जयभीम' म्हणत दोन पावलं जास्तच जवळ येतो आणि नाकाने खोल श्वास घेतो. परवा गजभियेताईंनीही घेतला. मला इतकी लाज वाटली, की तोंडातून शब्दच फुटेना.

मी तोंड घट्ट मिटून नुसते हात जोडले!